तोरातील स्त्रिया, अरबी परंपरेत



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा काहींनी मला विचारले, की आपल्या तोरातील स्त्रिया अरबांच्या ग्रंथांत कशा दिसतात, हे सिनेगॉगमध्ये कशासाठी सांगायचे? माझे उत्तर असे, की अरबी ही केवळ परक्यांची भाषा नव्हे. रब्बी सादिया गाओन यांनी दहाव्या शतकात तोराचे भाषांतर अरबीत केले. रम्बाम यांनी 'मोरे नेवुखीम' हा ग्रंथ मुळात अरबीतच लिहिला. आपले हाखामीम ज्या भाषेत विचार करीत, त्याच भाषेत शेजारची माणसे सारा, हागार आणि मोशेची आई यांच्या कथा सांगत होती. दोन घरांमधली भिंत पातळ असली म्हणजे पलीकडचे बोलणे कानावर येतेच.

मी पंडिता नव्हे. शुश्रूषेची पदविका घेऊन रुग्णालयात आयुष्य घालविले आणि त्यातील बरीच वर्षे येथे बेर-शेवामध्ये, लहान मुलांच्या कक्षात गेली. नेगेवच्या बेदुईन आया आणि आज्या तेथे रात्ररात्र मुलांजवळ बसत. या विषयाची गोडी मला त्यांच्यामुळे लागली. वाचन मागाहून झाले.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. संपूर्ण कुराणात एकाच स्त्रीचे नाव येते, ते म्हणजे येशूची आई मरियम. तिच्या नावाची १९वी सूराच आहे. बाकीच्या साऱ्या कोणाच्या तरी नात्याने ओळखल्या जातात: आदमची पत्नी, नोहाची पत्नी, फारोची पत्नी, मोशेची आई. आपण याचे फार नवल मानू नये. कोकणातल्या आपल्या आज्यांना तरी गावात नावाने कोण हाक मारीत असे? 'अब्रामची आई' एवढ्यावर जन्म सरला. या स्त्रियांना नावे मिळाली ती मागाहून, हदीस म्हणजे पैगंबरांच्या आठवणी, कुराणावरील भाष्ये आणि पैगंबरांच्या कथासंग्रहांतून.

पोटीफरच्या बायकोचेच पाहा. आपल्या तोरातही ती निनावी आहे. अरबी आणि फारसी कथांनी तिला झुलैखा म्हटले. कुराणाच्या १२व्या सूरेत एक प्रसंग आहे, जो तोरात नाही. नगरातील बायका तिची निंदा करतात, तेव्हा ती त्यांना मेजवानीस बोलावते, प्रत्येकीच्या हाती सुरी देते आणि योसेफाला समोर आणते. त्याचे रूप पाहताना बायका फळाऐवजी स्वतःचे हात कापून घेतात. आपल्या मिद्राश तन्हुमामध्येही हीच कथा आहे आणि तेथे फळ आहे एत्रोग, म्हणजे महाळुंग. अरबी भाष्यकारांपैकीही काहींनी महाळुंगाचेच नाव घेतले आहे. कोणी कोणाकडून घेतले यावर विद्वानांनी खुशाल वाद घालावा; सुकोथच्या सणाचे आपले फळ त्या मेजवानीत पोहोचले, याची मला गंमत वाटते. पुढे तबरी (मृत्यू ९२३) सांगतो, की पती वारल्यावर तिचे योसेफाशीच लग्न झाले आणि एफ्राईम व मनश्शे ही तिचीच मुले. १४८३ साली फारसी कवी जामी याने तर तिचे प्रेम हा ईश्वराच्या शोधाचा मार्ग केला. तोरात मात्र योसेफाची पत्नी आसनथ आहे. निरपराध माणसाला तुरुंगात धाडणाऱ्या बाईला इतके सौभाग्य देणे माझ्या मनाला रुचत नाही.

मोशेच्या आईची कथा मला अधिक जवळची. तोरा सांगते, की योखेबेदने तीन महिने बाळ लपविले आणि मग पेटीत घालून नदीकाठच्या लव्हाळ्यात ठेवले. तिच्या मनात काय चालले होते, यावर तोरा मौन पाळते. कुराणात देव प्रथम तिच्याशीच बोलतो: याला अंगावर पाज, भीती वाटली तर नदीत सोड, आम्ही तो तुला परत देऊ. पेटी सोडल्यानंतर तिचे हृदय रिकामे झाले, असाही उल्लेख आहे. मग फारोच्या घरी बाळ एकाही दाईचे दूध घेत नाही आणि बहिणीच्या युक्तीने पुन्हा आईच्याच कुशीत येते. आपल्या तालमुदातील सोटा या भागातही मोशेने मिसरी दायांचे दूध नाकारले, असेच आहे. कोणत्याही प्रसूतिकक्षात विचारा. नवजात मूलसुद्धा काही दिवसांत आईचा वास ओळखते. हे तर तीन महिन्यांचे होते.

याच ठिकाणी कोर्दोव्याच्या इब्न हज्म या अकराव्या शतकातील पंडिताने धाडसी मत मांडले. निव्वळ स्वप्नावर विसंबून कोणतीही आई पोटचे मूल नदीत टाकणार नाही. म्हणजे तिला मिळाला तो प्रत्यक्ष देवाचा संदेश आणि म्हणून स्त्रीलाही नबीपद असते, असे त्याचे म्हणणे. बहुतेक मुसलमान धर्मपंडितांनी ते मान्य केले नाही. आपल्याकडे तालमुदाने सात स्त्री-नबी मोजल्या: सारा, मिर्याम, दबोरा, हन्ना, अबीगैल, हुल्दा आणि एस्तेर. त्यांत योखेबेद नाही, याची मला चुटपुट लागते.

आता हागार, अरबीत हाजर. कुराणात तिचे नाव नाही. अब्राहामने आपल्या संततीपैकी काहींना पीक नसलेल्या खोऱ्यात वसविले, एवढेच तेथे आहे. पूर्ण कथा बुखारी (मृत्यू ८७०) याच्या हदीस-संग्रहात येते. तोरात साराच्या सांगण्यावरून हागारला घालवून दिले जाते आणि तिला कोणी काही विचारत नाही. हदीसमध्ये अब्राहाम तिला मक्केच्या ओसाड जागी नेतो, खजुराची पिशवी व पाण्याची पखाल देऊन परत फिरतो. आणि ती मागे जाऊन पुनःपुन्हा विचारते, आम्हांला कोणावर सोडून चाललात? तो बोलत नाही. अखेर ती विचारते, ही देवाची आज्ञा आहे का? तो होय म्हणतो. मग देव आम्हांला टाकणार नाही, असे म्हणून ती माघारी वळते.

पखालीतले पाणी ती स्वतः पिते आणि बाळाला अंगावर पाजते. हे बारकाव्याने सांगणाऱ्याला आयांची माहिती असली पाहिजे. तोरात इश्माएल मोठा मुलगा आहे, तरी आई त्याला झुडपाखाली ठेवते, असे का? राशी म्हणतात, त्याला ताप चढला होता. आणि पाणी लवकर संपले, कारण आजारी माणूस फार पाणी पितो. हे वाक्य वाचून मी थबकले. तापात शरीरातील पाणी झपाट्याने घटते. तान्ह्याची टाळू बसते, डोळे खोल जातात, रडताना अश्रू येत नाहीत. उन्हाळ्यात जुलाबाने सुकलेली अशी बाळे आमच्या कक्षात येत.

यापुढे दोन्ही कथा वेगळ्या वाटेने जातात. तोरातील हागार बाणाच्या टप्प्याइतकी दूर जाऊन बसते, कारण मुलाचे मरण तिला पाहवत नाही. हाजरलाही ते पाहवत नाही. पण ती धावते. सफा टेकडीवरून मरवा टेकडीकडे, सात वेळा, कोणी दिसते का हे पाहत. दोन्ही प्रकारच्या आया मी पाहिल्या आहेत. एक दाराबाहेर भिंतीशी तोंड करून बसते. दुसरी डॉक्टरांच्या खोलीपर्यंत सतरा खेपा घालते. यातली कोणती कमी माया करते, हे मला कोणी सांगू नये. एका उन्हाळ्यात सलाईन लावलेल्या नातीशेजारी बसून एका बेदुईन आजीने मला ही धाव दोन बोटे चादरीवर चालवून दाखविली होती.

मग देवदूत जमीन उकरतो आणि पाणी उसळते, तोच झमझम. हाजर हातांनी माती लावून ते अडवते. पुढे जुरहुम टोळीचे लोक पक्षी घिरट्या घालताना पाहून तेथे येतात आणि राहण्याची परवानगी मागतात. ती देते, पण पाण्याचा हक्क स्वतःकडे ठेवते. आजही हाजला जाणारा प्रत्येक मनुष्य, राजा असो वा मजूर, एका दासीच्या पावलांवरून त्या दोन टेकड्यांमध्ये सात फेऱ्या घालतो. सारे अंतर तीन किलोमीटरहून अधिक भरते. मधल्या टप्प्यात पुरुषांनी धावावे, स्त्रियांनी मात्र चालावे, असा तेथे दंडक आहे. पहिली धावली ती स्त्रीच होती, असे मनात आल्यावाचून राहत नाही.

हागारचा हा अध्याय आपण नव्याच्या सणाला, पहिल्या दिवशी, सेफेर तोरातून वाचतो. वर्षाच्या आरंभी आपल्या हाखामीमांनी आपल्यासमोर हागारचे रडणारे मूल ठेवले, ते काही उगाच नव्हे. साराने दासीला गांजले हे तिच्या हातून पाप घडले, असे रम्बान यांनी स्पष्ट लिहिले आहे आणि अब्राहामने ते चालू दिले म्हणून त्यालाही दोष दिला आहे. देवाला स्वतः नाव देणारी तोरातील स्त्री हागारच: एल रोई, मला पाहणारा देव. त्या विहिरीला बेर-लहाय-रोई म्हणतात. रिबेका वधू होऊन येते तेव्हा इसहाक त्याच विहिरीकडून परतत असतो. तो तेथे का गेला होता? राशी सांगतात, साराच्या पश्चात वडिलांशी लग्न लावून देण्यासाठी हागारला परत आणायला गेला होता. पुढे जिला कटूरा म्हटले आहे, ती हीच. आणि अब्राहाम वारला तेव्हा मखपेलाच्या गुहेत त्याला इसहाक आणि इश्माएल या दोघांनी मिळून पुरले.