उंदीर, जनुक आणि व्यतिरेक

मंडळी, धसईत उंदीर म्हटलं की भाताची कणगीच आठवणार. आज मात्र प्रयोगशाळेतल्या उंदराबद्दल बोलू.

माझी मोठी बहीण स्तनाच्या कर्करोगाने गेली. तिची मुलगी विचारते, ‘मामा, हे आमच्या रक्तातच आहे का?’ आता बघा, एका घरात दोघींना रोग झाला म्हणून जनुकच कारण ठरत नाही. पाणी, चूल, धूर हेही एकच असतं. आपले नैयायिक म्हणतात, नुसता अन्वय पुरत नाही, व्यतिरेकही हवा. कारण आहे तिथे कार्य, आणि कारण नाही तिथे कार्यही नाही. बाकी सगळं सारखं ठेवून माणसांत हे तपासता येत नाही, तसं करूही नये. म्हणून उंदीर.

पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे (१९१७) यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात उंदरांमधला स्तनाचा कर्करोग अभ्यासला. संप्रेरकं आणि विषाणू यांच्याशी त्याचं नातं शोधलं. पण तेव्हा हाताशी होते ते उंदरांचे वेगवेगळे वंश. दोन वंशांत फरक एका जनुकाचा नसतो, असंख्य जनुकांचा असतो.

२०१२ साली क्रिस्परचं तंत्र पुढे आलं. मार्गदर्शक आरएनए नेमकी जागा शोधतो, कॅस-९ हे विकर तिथे डीएनए कापतं, पेशी तो सांधताना चुकते आणि जनुक बंद पडतं. आता एकाच वंशाची, एकाच दाण्यावर वाढलेली भावंडं घ्यायची; फरक फक्त त्या जनुकाचा! २०१४ मध्ये अमेरिकेत प्रौढ उंदरांच्या यकृतात पीटेन आणि पी-५३ ही जनुकं अशीच थेट बंद केली, आणि गाठी झाल्या. म्हणजे इथे कारण आहे ते जनुकाचं नसणं. वैशेषिकांनी अभावालाही पदार्थ मानलं, ते उगीच नाही.

पण थांबा हं. बीआरसीए-१ची एकच प्रत बिघडलेली असली तरी बाईला धोका खूप वाढतो. उंदरात एक प्रत बिघडवून तसं काही होत नाही; दोन्ही बिघडवल्या तर पिल्लू गर्भातच मरतं. शेवटी फक्त स्तनाच्या पेशींत दोन्ही प्रती बंद कराव्या लागल्या, तेव्हा कुठे काही उंदरांत, बऱ्याच काळाने, गाठी दिसल्या. उंदीर जगतो दोन-तीन वर्षं. दृष्टान्त आहे तो, प्रत्यक्ष नव्हे.

भाचीला मी एवढंच सांगितलं : आईत तो दोष असलाच, तर तुझ्यात येण्याची शक्यता निम्मी. आला तरी रोग होईलच असं नाही. मात्र लवकर तपासण्या सुरू करता येतात. हे उंदीर सांगणार नाही, तुझी रक्ततपासणी सांगेल. पुढच्या महिन्यात ती मुंबईला जाते आहे, जनुकीय सल्ल्यासाठी. मीही सोबत जाणार आहे.