नवे बॅण्ड सापडतात कुठे?

अमेरिकेच्या ओहायो राज्यातील ॲक्रन हे एकेकाळचे टायरच्या कारखान्यांचे शहर. तेथे २००१ मध्ये डॅन ऑरबाख आणि पॅट्रिक कार्नी या दोन तरुणांनी 'द ब्लॅक कीज' हा ब्लूज रॉक बॅण्ड सुरू केला. एक गिटार, एक ड्रमसेट आणि ऑरबाखचा आवाज, एवढाच पसारा. पहिला अल्बम त्यांनी कार्नीच्या तळघरात ध्वनिमुद्रित केला. पुढे 'ब्रदर्स' या अल्बमला ग्रॅमी मिळाले ते २०११ मध्ये. मधल्या काळात ज्या रसिकांना हा बॅण्ड ठाऊक होता, त्यांना तो सापडला कसा?

इंडी म्हणजे इंडिपेंडंट. बड्या ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या आश्रयाविना उभे राहिलेले संगीत. त्यामागे जाहिरातीचे बळ नसते. म्हणून शोधण्याची जबाबदारी श्रोत्यावर येते. त्याच्या वाटा मात्र ठरलेल्या आहेत.

पहिली वाट छोट्या कंपनीची. ब्लॅक कीजचा दुसरा अल्बम २००३ मध्ये 'फॅट पॉसम' या कंपनीने काढला. मिसिसिपीतील ऑक्सफर्ड येथे १९९१ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीने आधी गावोगावचे वृद्ध ब्लूज कलावंत ध्वनिमुद्रित केले होते. त्यांपैकी ज्युनियर किंब्रो आयुष्याचा बहुतांश काळ आपल्याच परिसरात वाजवत राहिले. त्यांचा पहिला अल्बम १९९२ मध्ये, साठी उलटल्यावर आला आणि १९९८ मध्ये त्यांचे निधन झाले. कोणी शोधत गेले नसते, तर हे संगीत त्यांच्याबरोबरच संपले असते. ब्लॅक कीजने २००६ मध्ये केवळ किंब्रो यांच्या गाण्यांची 'चुलाहोमा' ही ध्वनिमुद्रिका काढली. एका कंपनीची यादी अशी जुन्या-नव्याला जोडते. त्यातील एक नाव आवडले, की पुढचे ऐकून पाहावे.

दुसरी वाट जाणत्या निवेदकाची. बीबीसी रेडिओवर १९६७ पासून २००४ मधील निधनापर्यंत जॉन पील अनोळखी बॅण्ड ऐकवत राहिले. डेट्रॉइटच्या 'द व्हाइट स्ट्राइप्स' या जोडीची ब्रिटनला ओळख होण्यात २००१ मध्ये त्यांचा मोठा वाटा होता. आज संगणक आपल्या आवडीनुसार गाणी सुचवतो. परंतु आवडीबाहेरचे ऐकवण्याचे धाडस माणूसच करतो. अशा एखाद्या निवेदकाचा कार्यक्रम नेमाने ऐकावा.

तिसरी वाट उलट दिशेची. बॅण्ड कोणाची गाणी गातो, ते पाहावे. व्हाइट स्ट्राइप्सने २००० च्या अल्बममध्ये सन हाउस या जुन्या ब्लूज गायकाचे गाणे घेतले होते. अशा मुळांपर्यंत गेले, की नव्या बॅण्डमध्ये स्वतःचे काय आणि उसने काय, हे कानाला कळू लागते.

चौथी वाट आपल्या दाराशी आहे. मुंबईत वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत २०११ मध्ये महिंद्र ब्लूज महोत्सव सुरू झाला. पहिल्याच वर्षी बडी गाय यांच्यासारख्या दिग्गजासोबत शिलाँगचा 'सोलमेट' हा बॅण्डही तेथे वाजला. नवोदित भारतीय बॅण्डसाठी महोत्सवाने स्पर्धाही घेतल्या. अशा कार्यक्रमांत आपण बहुधा मुख्य कलावंताच्या वेळेला पोहोचतो. तासभर आधी जावे. रिकाम्या खुर्च्यांपुढे वाजवणाऱ्या बॅण्डला त्या वेळी एकेक श्रोता मोलाचा असतो. पटले, तर त्यांची ध्वनिमुद्रिका विकत घ्यावी. पुढचे ध्वनिमुद्रण होणार की नाही, हे पुष्कळदा त्यावरच ठरते.