नाकाला जात कोणी शिकवली?

आषाढी एकादशीला पंढरपूरला कसला वास येतो, असे एखाद्या वारकऱ्याला विचारले तर तो तुळशीचे नाव घेईल, बुक्क्याचे घेईल, उदबत्तीचे आणि भिजलेल्या मातीचे घेईल. तो खोटे बोलत नाही. मला विचाराल तर मी फिनेलचे नाव घेईन आणि फिनेलखाली न दबणाऱ्या मैल्याचे घेईन. मीही खोटे बोलत नाही. गाव एक, दिवस एक आणि नाके दोन्ही माणसांचीच. मग वास वेगळे का? पंचेंद्रिये निसर्गाने दिली हे खरे, पण त्यांनी काय टिपायचे आणि कशाला नाक मुरडायचे, हे समाज शिकवतो. या शिकवणीचा विचार आपण फारसा केलेला नाही.

माझे वडील सफाई कामगार होते. माझ्या लहानपणी जुन्या वाड्यांतून टोपलीचे संडास होते. वारीला लाखो माणसे येत. त्यांच्यासाठी संडास नसत. मग चंद्रभागेचे वाळवंट, बोळ, भिंतींच्या कडा, जेथे आडोसा मिळेल तेथे माणसे बसत. पौर्णिमेला गोपाळपूरचा काला झाला की पालख्या परत फिरत. गावाची वारी संपे आणि आमची सुरू होई. खराटा, पत्र्याचा तुकडा आणि पाटी घेऊन आई-वडील दोघेही पहाटे बाहेर पडत.

एका वारीनंतरची गोष्ट. मी तेव्हा चौथीत होतो. वडील घासून अंघोळ करून जेवायला बसले आणि मी माझी ताटली घेऊन पलीकडे सरकलो. कोणी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवसापासून वडील उंबऱ्याजवळ बसून जेवू लागले. मी बापाला घरातल्या घरात वेशीबाहेर बसवले होते. आज ते नाहीत, आणि ही गोष्ट मी त्यांच्यापाशी कधी बोललो नाही.

हे मी कोठून शिकलो? त्याच वर्षी वर्गातल्या एका मुलाने मी शेजारी बसताच नाकाला रुमाल लावला होता. माझ्या अंगावर धुतलेला सदरा होता, डोक्याला तेल होते. त्याने मला हुंगले नव्हते. आदल्या दिवशी त्याने माझा पत्ता ऐकला होता. मराठीत ‘वास’ या एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत: गंध आणि राहणे. आमच्या बाबतीत समाजाने ते दोन्ही एक करून टाकले. तुम्ही कोठे राहता हे कळले की तुमचा वास ठरतो.

शास्त्र काय सांगते ते पाहू. नाकाच्या आतील वरच्या भागात गंध टिपणाऱ्या सुमारे ४०० प्रकारच्या ग्राहिका असतात. रिचर्ड अ‍ॅक्सेल आणि लिंडा बक यांनी १९९१ साली या ग्राहिकांच्या जनुकांचा शोध लावला. त्यासाठी त्यांना २००४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. डोळ्यांचा आणि कानांचा संदेश मेंदूतील थॅलॅमस नावाच्या केंद्रातून पुढे जातो. गंधाचा संदेश मात्र तेथे न थांबता, भावना आणि स्मृती सांभाळणाऱ्या भागांपर्यंत पोहोचतो. म्हणून एखाद्या वासाने तीस वर्षांपूर्वीचे घर डोळ्यांपुढे उभे राहते आणि त्यासाठी शब्द नंतर सापडतात. नाकावाटे शिकवलेली घृणा युक्तिवादाने लवकर का जात नाही, याचेही उत्तर येथे आहे. पण ती जन्मजात नाही. तान्ह्या मुलाला स्वतःच्या शीची किळस येत नाही, हे प्रत्येक आईला माहीत असते. किळस त्याला पुढे शिकवली जाते. जे शिकवता येते ते पुसताही येते.

पंढरपूरच्या इतिहासात इंद्रियांची ही वाटणी स्पष्ट दिसते. येथे भाविकाला विठ्ठलाच्या पायांवर डोके ठेवता येते. स्पर्श हेच या देवस्थानाचे वैशिष्ट्य, आणि तोच आम्हाला नाकारलेला होता. आम्हाला कळस होता, म्हणजे दुरून पाहणे होते. साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये प्राणांतिक उपोषण केले तेव्हा कोठे त्या दाराची कडी हलली. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून चोखोबा दगावले. परंपरा सांगते की, नामदेवांनी ढिगाऱ्यातील हाडे एकेक करून कानाला लावली आणि ज्यांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती चोखोबांची म्हणून ओळखली. ती महाद्वारासमोर पुरली गेली. या कथेकडे मी चमत्कार म्हणून पाहत नाही. सवर्णांची इंद्रिये ज्या माणसापासून पळत होती, त्याच्या हाडांना एका संताने कान लावला, एवढे मला त्यात दिसते. तरीही चोखोबा पायरीबाहेरच राहिले, हेही दिसते.

घाण हे केवळ निमित्त असते, याचा पुरावा महाडला मिळाला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी आणि सत्याग्रहींनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. नंतर सनातन्यांनी तळ्याची ‘शुद्धी’ केली ती शेण, गोमूत्र, दूध आणि दही घातलेल्या १०८ घागरी ओतून. गायीचे शेण पवित्र आणि माणसाची ओंजळ अपवित्र! येथे नाकाचा संबंधच उरत नाही.

आपल्या साहित्यालाही हाच अनुभव आला. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ १९७२ साली आला, दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले. मराठी साहित्यात तोवर मोगरा आणि पहिला पाऊस दरवळत होता. या लेखकांनी त्यात गटार, उकिरडा आणि फाटक्या गोधडीचा वास आणला. अनेकांनी नाके मुरडली. वास लेखकाचा नव्हता, व्यवस्थेचा होता, हे समजायला त्यांना वेळ लागला.

‘त्यांना सवय असते,’ असे आमच्या लोकांविषयी म्हटले जाते. नाक एखाद्या वासाला काही मिनिटांत सरावते, हे खरे आहे. पण ते सर्वांचेच. आणि हा सराव प्राणावर बेतू शकतो. गटारात हायड्रोजन सल्फाइड वायू साठतो. थोडा असता त्याला कुजक्या अंड्याचा वास येतो. हवेच्या दहा लाख भागांत त्याचे प्रमाण शंभरच्या आसपास गेले की गंधज्ञान बधिर होते. उतरलेल्या माणसाला वाटते, वास गेला, धोका टळला. वायू आधी नाक मारतो, मग माणूस.

मैला हाताने उचलण्याविरुद्ध १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली अधिक व्यापक कायदा झाला. पंढरपूरचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि वारीसाठी शौचालये उभारण्याचे आदेश निघाले. गटारातील मृत्यूसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दहा लाखांची भरपाई ठरवली, २०२३ साली तीस लाखांची. हे सर्व आवश्यकच आहे. पण भरपाई मेल्यावर मिळते. आम्हाला माणूस गटारात उतरूच नये, असे यंत्र आणि असे नगर हवे आहे.

मी आता शिक्षक आहे. आषाढीनंतर वर्ग भरला की मुलांना एकच प्रश्न विचारतो: गावात घाण कोणाची आहे आणि वास कोणाला चिकटला आहे? सुरुवातीला मुले हसतात. मग एखादे मूल खाली पाहू लागते. त्या मुलाच्या शेजारी मी जाऊन बसतो. बापाजवळ बसायचे माझे राहून गेले आहे.