तेहतीस बाय तेहतीसची चिखली

देहू आणि आळंदीच्या मधे, इंद्रायणीकाठी टाळगाव चिखली आहे. 1997 साली हे गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं. भोसरी, तळवडे, चाकणच्या कारखान्यांत लागलेल्या कामगाराला हप्त्यावर परवडेल असं घर हवं होतं. 1972 साली स्थापन झालेलं नवनगर विकास प्राधिकरण त्यासाठीच होतं, पण ते पुरं पडलं नाही. मग गुंठेवाल्यांचं फावलं.

एक गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट, तेहतीस बाय तेहतीस. तुकडेबंदीचा 1947 चा कायदा असल्यामुळे एवढ्या तुकड्याची दस्तनोंदणी होत नव्हती. मग नोटरीचं साठेखत, नाहीतर सातबाऱ्यावर सामाईक नाव. पुढे त्याचाही अर्धा गुंठा होतो. आपल्या वाट्याची जागा रस्त्याला सोडायला कुणी तयार नसतो, म्हणून गल्ली उरते दहा-बारा फुटांची. वर तीन मजले, पुढे काढलेल्या गॅलऱ्या, खाली पाण्याची टाकी. अशा गल्लीत अग्निशमनचा बंब शिरणार कुठून? मैला गटारातून ओढ्याला आणि ओढ्यातून इंद्रायणीला मिळतो. आषाढीला तीच इंद्रायणी फेसाळली की मग ओरड होते.

घर बेकायदा, पण त्याला वीज मिळते, नळ मिळतो, मिळकतकराचं बिलही येतं. 4 जानेवारी 2008 नंतरच्या अनधिकृत बांधकामांना करावर दुप्पट शास्ती लागली. 2023 मध्ये सरकारने ती माफ केली. ज्याने नियम पाळून बांधलं तो मात्र मूर्ख ठरला, असं माझं स्पष्ट मत.

हातोडा पडतो तोही उशिरा. फेब्रुवारी 2025 मध्ये शेजारच्या कुदळवाडीत भंगाराची गोदामं, पत्राशेड आणि लहान कारखाने मिळून चार हजारांहून अधिक बांधकामं पाडली. 17 मे रोजी चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतले, म्हणजे बांधकामाला बंदी असलेल्या पट्ट्यातले 36 बंगले भुईसपाट झाले. ते पाडण्याचा हरित लवादाचा आदेश सर्वोच्च न्यायालयातही टिकला होता. हे झोपडीवाले नव्हते. कर्ज काढून, पै पै जमवून बांधलेली घरं होती ती. प्लॉट पाडून विकणाऱ्याचे पैसे केव्हाच वसूल झाले होते, आणि भिंती चढताना बघत बसलेल्या यंत्रणेचं काहीच गेलं नाही.

चाकण परिसरातही रस्त्याकडेला ‘एनए प्लॉट, सोपे हप्ते’ असे फलक दिसतात. इसार देण्याआधी विकास आराखडा आणि पूररेषेचा नकाशा स्वतः बघा, बिगरशेती आदेशाची प्रत मागा. एजंट ‘नंतर नियमित होतं’ म्हणाला, तर पैसे खिशातच ठेवा.