जुन्या कामाडोची डागडुजी

कामाडो म्हणजे कोळशावर चालणारी, जाड सिरॅमिक भिंतींची, झाकण असलेली भट्टी. तिचे मूळ जपानमधल्या भात शिजवण्याच्या मातीच्या चुलीत आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये तैनात असलेल्या अमेरिकन सैनिकांनी ती पाहिली, तिच्यात मांस भाजून पाहिले आणि परतताना काहींनी ती घरी नेली. एड फिशर यांनी १९७४ मध्ये अटलांटात ‘बिग ग्रीन एग’ सुरू केली, ती अशाच आयात चुली विकत असे. मातीच्या त्या चुली आच सोसून सोसून काही वर्षांत तडकत. पुढे मातीची जागा उष्णता सोसणाऱ्या सिरॅमिकने घेतली आणि भट्टीचे आयुष्य मालकाच्या हौसेपेक्षा मोठे झाले. अमेरिकेत जुन्या कामाडोंचा बाजार चालतो तो त्यामुळेच. मोठ्या आकाराची भट्टी सत्तर किलोंच्या पुढे जाते. घर बदलताना ते धूड हलवण्यापेक्षा मिळेल त्या किमतीला देऊन टाकणे पुष्कळांना परवडते.

अशी कळकट कामाडो पहिल्या नजरेला भंगारात काढण्याजोगी वाटते. आत काळे पोपडे सुटलेले, जाळी गंजलेली, झाकण एका बाजूला कललेले, काठावरचे हवा अडवणारे फेल्ट जळून गेलेले. यातले बहुतेक दोष वरवरचे असतात. भट्टीचे खरे काम हवेवर चालते. तंदूर वरून उघडा असतो. कामाडोत मात्र खालच्या झडपेतून हवा आत शिरते, कोळशातून वर चढते आणि झाकणाच्या माथ्यावरच्या झडपेतून बाहेर पडते. या दोन झडपा जराशा सरकवल्या की आतले तापमान ११० अंश सेल्सियसच्या आसपास तासन्‌तास थांबते, नाहीतर पिझ्झासाठी ३०० च्या वर चढते. अट एकच, हवेला तिसरी वाट असता कामा नये. ती सापडली की झडपा नावापुरत्या उरतात. डागडुजीत जे जे करायचे ते ही तिसरी वाट बुजवण्यासाठी आणि पहिल्या दोन मोकळ्या करण्यासाठी.

विकत घेण्यापूर्वीची पाहणी दिवसाउजेडी आणि भट्टी थंड असतानाच करावी. बाहेरच्या झिलईवर बारीक रेषांचे जाळे दिसले तर घाबरण्याचे कारण नाही. झिलई आणि तिच्याखालचे सिरॅमिक यांचे प्रसरण सारखे नसते, त्याची ती खूण. नखाला अडते ती चीर मात्र वेगळी. आतले सुटे भाग एका हाताने अधांतरी धरून बोटाच्या पेराने वाजवावेत. बाजारात माठ घेताना ऐकतात तसा खणखणीत आवाज आला तर भाग अखंड आहे; बद्द आवाज आला तर कुठेतरी तडा आहे. झाकण आणि बूड पोलादी पट्ट्यांत आवळलेले असल्याने त्यांच्यावर ही परीक्षा नीट चालत नाही. तिथे बॅटरीचा उजेड तिरपा पाडून आतबाहेर पाहणे हाच मार्ग.

तडा आहे की नाही यापेक्षा तो कुठे आहे याला महत्त्व. कोळसा ज्यात पेटतो त्या आतल्या कुंडीला तडा जाणे ही जवळजवळ नेहमीची गोष्ट आहे. निखारे तिला आतून आणि एका अंगाने तापवतात, ताण पडतो आणि ती उकलते. ती बाहेरच्या भिंतीच्या आधाराने उभी असते, म्हणून दोन तुकडे झाले तरी जागच्या जागी बसवल्यावर काम देते. फार तर स्टेनलेस स्टीलच्या तारेने आवळून घ्यावी. भट्टीचे सिमेंट भरण्याचा खटाटोप क्वचितच टिकतो. काठावरचा छोटा टवका फेल्टखाली झाकला जातो. पण बुडाला किंवा झाकणाला आरपार चीर असेल तर सौदा सोडावा, विक्रेता काहीही म्हणो. नव्या भट्टीच्या सिरॅमिकवर कंपन्या दीर्घ हमी देतात, मात्र ती साधारणपणे पहिल्या नोंदणीकृत खरेदीदारापुरती असते. जुनी भट्टी घेणाऱ्याला नवे झाकण स्वतःच्या खिशातूनच घ्यावे लागते.

घरी नेताना जाळी, कुंडीवरचे कडे आणि कुंडी आधी बाहेर काढतात आणि शक्य तर झाकणही उतरवतात. इथे एक धोका आहे. बिजागरीतल्या स्प्रिंगा झाकणाच्या वजनाविरुद्ध ताणलेल्या असतात. झाकण निघाले की रिकामा पट्टा बोटे चेचण्याइतक्या जोराने वर उसळतो. म्हणून दोन्ही पट्टे आधी दोरीने एकमेकांना बांधून ठेवतात.

कुंडी निघाली की तिच्या आणि बाहेरच्या भिंतीच्या फटीत साचलेली राख दिसते. अनेक भट्ट्या ‘तापतच नाहीत’ म्हणून विकल्या जातात. त्यातल्या पुष्कळांचा आजार एवढाच असतो. राख फटीत आणि कोळशाचा चुरा खालच्या जाळीच्या भोकांत, मग हवा वर येणार कुठून? राख कोरड्या ब्रशने नाहीतर कारखान्यात वापरतात तशा व्हॅक्यूमने काढतात, तीही विस्तव पूर्ण विझल्याची खात्री झाल्यावर; राखेखाली निखारा दिवसभरही जिवंत राहू शकतो. कुंडी परत बसवताना तिचे खालचे तोंड बरोबर झडपेसमोर आले पाहिजे. आधीच्या मालकाने ती फिरवून बसवलेली असणे मुळीच दुर्मीळ नाही.

आतल्या भिंतीला साबण किंवा कोणतेही रसायन लावायचे नाही. आतली बाजू बिनझिलईची आणि सच्छिद्र असते. जे लावाल ते ती पिते आणि पुढच्या जेवणात परत देते. झाकणाच्या आत सुटलेले काळे पोपडे रंगाचे नसून काजळी आणि चरबीच्या थरांचे असतात. लाकडी तासणीने किंवा चुरगाळलेल्या ॲल्युमिनियम फॉइलने ते सहज पडतात. भट्टी बंद करून पावसात ठेवलेली असेल तर आत पांढरी-हिरवी बुरशीही असते. तिच्यावर उपाय आगीचाच, पण घाई नको. सिरॅमिकने पाणी धरलेले असते. ते एकदम तापले तर वाफ बाहेर पडायला वाट शोधते आणि भिंत तडकते. म्हणून आधी झाकण उघडे ठेवून काही दिवस उन्हात वाळवणे, मग मूठभर कोळशाची मंद आच, आणि त्यानंतरच जाळणी.

जाळणी म्हणजे कुंडी कोळशाने भरून, दोन्ही झडपा मोकळ्या सोडून तापमान ३०० ते ३५० अंशांवर नेणे आणि तासभर तिथे धरणे. चरबीचे थर जळून राख होतात आणि भिंती फिक्या पडू लागतात. कोळसा पेटवण्याचे तेल इथे चालत नाही. तेही सिरॅमिक पिते. नवे फेल्ट बसवण्याआधी ही जाळणी उरकून घ्यावी, नाहीतर नवी पट्टी पहिल्याच दिवशी करपेल. जाळणीच्या वेळी झाकण झटक्याने उघडणारा भुवया गमावतो. हवेला भुकेलेल्या निखाऱ्यांना एकदम हवा मिळाली की ज्वाळा फटीतून बाहेर झेपावते. दोन बोटे उचलावे, थांबावे, मग उघडावे. भट्टी निवताना पाणी शिंपडायचे नाही. तापल्या सिरॅमिकला थंड पाण्याचा थेंब म्हणजे चिरेला आमंत्रण.

जाळणीपूर्वी पट्टे तपासणे सक्तीचे. झाकण आणि बूड यांना खिळा नाही की स्क्रू नाही, दोन्ही नुसत्या पोलादी पट्ट्यांच्या आवळीवर बिजागरीला धरलेले असतात. सिरॅमिक तापून फारसे फुगत नाही, पोलाद फुगते. दीड मीटर परिघाचा पट्टा १०० अंशांनी तापला की जवळजवळ दोन मिलिमीटर वाढतो. थंड असताना जेमतेम आवळलेला पट्टा जाळणीत सैल होतो आणि झाकण पट्ट्यातून निसटून फरशीवर फुटते. कामाडो गमावण्याचा हा सर्वांत प्रसिद्ध आणि सर्वांत टाळता येण्याजोगा प्रकार. दोन्ही नट पान्याने आळीपाळीने, थोडे थोडे आवळावेत.

झाकण पुढे किंवा बाजूला सरकलेले असेल तर ते याच वेळी जागेवर आणतात. वरच्या पट्ट्याचे नट अर्धेमुर्धे सैल करायचे, एकाने झाकण दोन्ही हातांनी धरून हळूच फिरवायचे, दुसऱ्याने समोर गुडघे टेकून काठाशी काठ जुळतो का ते पाहायचे. मागून पाहून चालत नाही. बिजागरीपाशी काठ नेहमीच जुळलेला दिसतो. जुळले की लगेच नट आवळायचे. हे काम एकट्याने करण्याच्या युक्त्या सांगणारे पुष्कळ आहेत, पण एवढ्या वजनाच्या आणि किमतीच्या झाकणापाशी दुसरा माणूस असलेलाच बरा.

जुने फेल्ट काढणे हे सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत निर्णायक काम. जाळणीनंतर ते काही ठिकाणी राख झालेले असते, काही ठिकाणी गोंदासकट दगडासारखे कडक. रुंद पात्याची तासणी काठाशी जवळजवळ सपाट धरून, धार काठाच्या लांबीच्या दिशेने सरकवत खरवडतात. पाते उभे धरले की कडेचा टवका उडतो. गोंदाचा पिवळट पापुद्रा उरतो, तो ॲसिटोनमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसतात. उघड्यावर, आगीपासून लांब, आणि फडक्यातून ॲसिटोन आत ओघळणार नाही एवढेच भिजवून. काठावरून उघडे बोट फिरवले तर एकही उंचवटा लागता कामा नये. उंचवट्यावर बसलेली पट्टी तिथेच आधी जळते.

नवी पट्टी नोमेक्सची किंवा काचेच्या धाग्यांची घेतात. जुन्या लोकरी फेल्टपेक्षा या दोन्ही जास्त आच सोसतात. मागच्या बाजूला, बिजागरीजवळून सुरुवात करून पट्टी काठाच्या आतल्या कडेशी धरत हाताने दाबत न्यायची. ओढायची मात्र नाही. ताणून चिकटवलेली पट्टी तापल्यावर आखडते आणि जोडापाशी फट पडते. दोन टोके एकमेकांना भिडवून कापायची, एकावर एक चढवायची नाहीत. मग झाकण मिटून रात्रभर वजनाखाली राहू द्यायचे. पहिले दोन-चार स्वयंपाक मंद आचेवरचेच करायचे, म्हणजे गोंद नीट धरतो.

झाकणातल्या थर्मामीटरची परीक्षा उकळत्या पाण्यात. काटा १०० वर, अमेरिकन तबकडीवर २१२ वर यायला हवा. डेनव्हरसारख्या सुमारे १,६०० मीटर उंचीच्या शहरात मात्र पाणी ९५ च्या आसपासच उकळते, तिथे तेच प्रमाण धरायचे. काटा चुकत असेल तर तबकडीमागचा नट फिरवून जागेवर आणतात. बिडाची जाळी आणि माथ्यावरच्या झडपेची टोपी तारेच्या ब्रशने घासून, तेलाचा पातळ हात देऊन भट्टीतच भाजतात. ओतीव लोखंडाच्या तव्याला जे करतात तेच. बाहेरची झिलई कोमट पाणी आणि सौम्य साबणाने धुतली तरी चालते. चाके गंजून मोडली असतील तर नवी घ्यावीत; वरच्या बाजूला जड असलेली ही वस्तू एका मोडक्या चाकावरून सहज कलंडते.

शेवटी झाकणाच्या कडेत कागदाची पट्टी धरून, झाकण मिटून ती ओढतात. सगळीकडे सारखी अडली पाहिजे. एका जागी सुळकन निघाली तर तिथे पट्टा पुन्हा सैल करून झाकण हलवावे लागते. मग थोडा कोळसा पेटवून दोन्ही झडपा बंद करतात आणि कडेला धूर दिसतो का ते पाहतात. नव्या फेल्टमधून किंचित धूर येतो, तो चरबी आणि काजळी बसत गेली की थांबतो. खरी परीक्षा निखाऱ्यांची. झडपा बंद केल्यावर ते विझले आणि उरलेला कोळसा दुसऱ्या दिवशी वापरता आला, तर भट्टी हवाबंद. पहिल्या काही वापरांनंतर, भट्टी पूर्ण थंड असताना, पट्ट्यांचे नट पुन्हा एकदा आवळावेत. पावसाळी दिवसांत वरून आच्छादन घालावे आणि खालची झडप थोडी उघडी ठेवावी, म्हणजे आत दमट हवा कोंडून पुन्हा बुरशी धरत नाही.