हायब्रिड मोटार आणि न्यूट्रल

घाटाचा उतार लागला की मोटार न्यूट्रलमध्ये टाकावी, म्हणजे पेट्रोल वाचते, असे आपल्याकडे पुष्कळजण मानतात. हायब्रिड मोटारीच्या बाबतीत हा समज नुसता चुकीचा नव्हे, तर घातकही आहे, असे आम्हांस वाटते.

टोयोटाने १९९७ साली जपानमध्ये विक्रीस आणलेली 'प्रियस' घ्या. तीत एंजिन व दोन विद्युत्-यंत्रे एकाच दंतचक्रसंचाने जोडलेली असतात. दांडा 'एन'वर नेला तरी चक्रांचे दाते सुटत नाहीत. फक्त विद्युत्-यंत्रांचा प्रवाह तोडला जातो. मग एंजिनाच्या जोराला टेकू उरत नाही आणि तो चाकांपर्यंत पोचत नाही.

पण त्याबरोबर दुसरेही काही जाते. एरवी उतारावर पाय उचलताच चाके विद्युत्-यंत्राला फिरवितात. वीज बॅटरीत साठते आणि गाडीला आपोआप आवर बसतो. न्यूट्रलमध्ये वीजही नाही, आवरही नाही. सारा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि त्यांची पकड ढिली पडते. पेट्रोल म्हणाल, तर पाय उचलल्यावर ते बहुधा आपोआपच बंद होते. मग वाचले काय?

तर 'एन' कशासाठी? अ‍ॅक्सिलरेटर अडकून गाडी आवरेनाशी झाली, तर ब्रेक घट्ट दाबावा, दांडा 'एन'वर नेऊन धरावा आणि गाडी कडेला घ्यावी. लांब उतारासाठी 'प्रियस'मध्ये 'बी' हे निराळे स्थान दिलेलेच आहे. घाटासाठी 'बी', संकटासाठी 'एन', एवढे चालकाने पक्के ध्यानात ठेवावे.