उनपदेवच्या गरम पाण्यातले टिकाऊ विकर

शहादा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी उनपदेवला जमिनीतून गरम पाणी येते. अशा पाण्यात वाढणाऱ्या जीवाणूंची विकरे, म्हणजे रासायनिक क्रिया वेगाने घडवणारी प्रथिने, उष्णतेतही टिकतात.

त्यांचा उपयोग काय? कच्च्या स्टार्चचे कण घट्ट असतात. पाण्यात शिजून ते फुगले की विकराला आतल्या साखळ्या सहज तोडता येतात. म्हणून मक्यापासून ग्लुकोज बनवताना १०० अंश सेल्सिअसच्या आसपास टिकणारे अमायलेज, म्हणजे स्टार्च तोडणारे विकर, वापरतात.

सुरुवात नमुन्यापासून. निर्जंतुक बाटलीत पाणी आणि थोडा गाळ घ्यावा. पाण्याचे तापमान झऱ्यावरच मोजून लिहावे. घरी पोचेपर्यंत ते उतरलेले असते.

मग स्टार्च घातलेल्या आगरच्या, म्हणजे जीवाणू वाढवण्याच्या जेलीच्या, ताटलीवर नमुना पसरून ती ५५ अंशांना ठेवावी. ३७ अंशांना ठेवली तर नेहमीचेच जीवाणू माजतात. शिवाय एवढ्या उष्णतेत आगर सुकून तडकते, म्हणून ताटल्या ओल टिकेल अशा बंद डब्यात ठेवाव्यात.

वाढ दिसली की ताटली गार होऊ द्यावी आणि मग आयोडीन ओतावे. घाई इथेच नडते. गरम स्टार्चवर आयोडीनचा निळा रंग उमटत नाही, आणि स्टार्च संपला असे वाटून आपण फसतो. गार ताटलीवर जीवाणूंच्या ठिपक्याभोवती रंगहीन वलय दिसले, तर तिथला स्टार्च खरोखर तुटलेला असतो.

सेल्युलोज तोडणारे विकर शोधायचे तर सेल्युलोजचे पाण्यात विरघळणारे रूप आगरमध्ये घालतात. वर काँगो रेड हा रंग ओतून मिठाच्या पाण्याने धुतात आणि पुन्हा वलयच शोधतात.

सर्वांत मोठी गफलत शेवटी होते. विकर ७० अंशांना सर्वांत वेगाने चालले, एवढ्यावरून ते टिकाऊ ठरत नाही. दहा मिनिटांतच ते निकामी होत असेल. टिकाऊपणा तपासायला नुसते विकर, स्टार्च न घालता, तासभर तापवावे. मग त्याची ताकद न तापवलेल्या विकराशी ताडून पाहावी. ही तुलना नसेल तर टिकाऊपणाचा दावा माझ्या मते मानू नये. अनेक अमायलेजना टिकायला कॅल्शियम लागते, तेही तपासावे.

उसाचे पाचट किंवा कापसाच्या पऱ्हाट्या मात्र अशा विकरात नुसत्या भिजवून साखर फारशी मिळत नाही. त्यांतले सेल्युलोज लिग्निन या चिवट द्रव्याने वेढलेले असते. आधी वाफेने किंवा अल्कलीने ते सैल करावे लागते.